एका टंक्याची पारख

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

एखाद्याला जुन्या नाण्यांतलं थोडंफार कळतं, असं गावात एकदा पसरलं की त्याच्या घराचा उंबरा झिजू लागतो. कुणी देव्हाऱ्यातलं नाणं घेऊन येतं, कुणी आजीच्या बटव्यातलं, कुणी नांगराच्या फाळाला लागलेलं. आणणारा कुणीही असो, त्याचे प्रश्न दोनच असतात. पहिला, ‘हे खरं आहे का?’ आणि दुसरा, पहिल्याचं उत्तर पुरतं ऐकण्याआधीच, ‘याचं काय येईल?’ गेली चाळीसेक वर्षं मी या दोन प्रश्नांची उत्तरं देत आलो आहे. एका नाण्याच्या बाबतीत मी दोन्ही उत्तरं अगदी बरोबर दिली, आणि तरीही माझं चुकलं. त्या नाण्याची हकिकत आज सांगणार आहे.

१९८६ सालचा हिवाळा होता. मराठवाड्यातल्या, बीदरपासून फार लांब नसलेल्या एका तालुक्याच्या गावी मी हायस्कुलात इतिहास शिकवत होतो. सातवीतल्या एका मुलाचे वडील संध्याकाळी घरी आले. चहा झाला, तुरीचं आणि विहिरीच्या पाण्याचं बोलणं झालं. मग त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली आणि एक नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. काळसर पडलेलं, जाड, आणि दोन्ही बाजूंनी फारसी वळणाची अक्षरं.

‘‘गुर्जी, हे खरं हाय का बघा बरं. सराफ म्हनतो निजामाचा रुपया हाय. आन् मोडीत घातलं तर काय येईल ह्याचं?’’

सराफाचा अंदाज काही वेडगळ नव्हता. आमच्या भागात निजामाचा हाली सिक्का चालत होता, त्याला तेव्हा पुरती चाळीस वर्षंही झाली नव्हती. फारसी अक्षरांचं, तोळ्याच्या आसपास वजनाचं चांदीचं नाणं म्हणजे हाली रुपया, हे समीकरण जुन्या माणसांच्या डोक्यात पक्कं होतं. पण हे नाणं यंत्रावर पाडलेलं नव्हतं, एवढं पाहताक्षणी दिसत होतं. मी ते दोन दिवस ठेवून घेतलं.

आता जुनं चांदीचं नाणं पारखायचं कसं, ते थोडं सविस्तर सांगतो. यात जादू काही नाही. सराफाकडचा काटा, एक चांगलं भिंग, पेलाभर पाणी आणि भरपूर सवड, एवढ्यावर पुष्कळ काम होतं.

माझ्याकडे तुलनेसाठी एक उत्तम वस्तू होती, ती म्हणजे एक खोटं नाणं. ते मी १९७९ साली एका मोठ्या शहरातल्या फुटपाथवर वीस रुपयांना विकत घेतलं होतं. तेव्हा माझा पगार लक्षात घेता वीस रुपये ही काही चिल्लर रक्कम नव्हती. विकणारा म्हणाला होता, ‘साहेब, बादशाही टंका आहे.’ मी भाव करून आणखी कमी केला नाही, याचंच घरी बोलणं बसलं. नाणं खोटं आहे हे कळायला मला वर्ष लागलं. पण पुढे त्या नाण्यानं मला जेवढं शिकवलं, तेवढं एकाही खऱ्या नाण्यानं शिकवलं नाही. ते मी अजून जपून ठेवलं आहे.

दोन्ही नाणी शेजारी ठेवली आणि आधी काठ पाहिला. मध्ययुगात नाणं ठोकून पाडत. खालचा ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला, त्यावर चांदीची चकती, वर दुसरा ठसा, आणि त्यावर हातोड्याचा घाव. घाव बसला की धातू दाबला जाऊन बाहेरच्या बाजूला सरकतो. अक्षरांच्या कडा तीक्ष्ण उठतात, चकतीच्या काठाला कुठे बारीक चीर जाते. चकती बहुधा ठशाहून लहान असे, त्यामुळे कडेचा मजकूर अर्धाच उमटतो. नवख्या माणसाला हा दोष वाटतो. जाणकाराला ती हातानं केलेल्या कामाची खूण वाटते. माझ्या फुटपाथवरच्या नाण्यावर मात्र सगळा मजकूर काठापर्यंत छान मावला होता. ते साच्यात ओतलेलं होतं. ओतीव नाण्याची अक्षरं ओल्या साबणावर कोरल्यासारखी गुळगुळीत दिसतात. भिंगातून पाहिलं तर हवेच्या बुडबुड्यांचे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे काठावर एक शिवण राहते. ती कानशीनं घासून घालवतात, पण मग कानशीचे ओरखडे राहतात.

नंतर वजन. शेतकऱ्याचं नाणं भरलं १०.९ ग्रॅम, म्हणजे तोळ्याला थोडं कमी. दिल्लीच्या इल्तुतमिशानं तेराव्या शतकात चांदीचा टंका रूढ केला, त्याचं वजन अकरा ग्रॅमच्या आगेमागे असे. दख्खनेत १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झालं, त्यांनीही टंक्याचं तेच माप पुढे चालवलं. आपल्या बोलण्यातला ‘टका’ त्याच कुळातला. ‘रुपया’ शेरशाहाच्या काळी, सोळाव्या शतकात रुळला. वजन जुळलं म्हणजे नाणं खरं ठरत नाही, पण वजन फारच चुकलं तर संशय घ्यायला जागा होते. माझं खोटं नाणं ९.६ ग्रॅम भरलं होतं.

मग पाण्याची परीक्षा. शाळेच्या प्रयोगशाळेतला तराजू मी विज्ञानाच्या सरांकडून मागून घेतला. नाणं बारीक दोऱ्यानं टांगून पाण्यात बुडवलं आणि पुन्हा वजन केलं. आर्किमिडीजचा हा धडा आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेला असतो, पण तो असा उपयोगी पडतो हे तेव्हा कुणी सांगत नाही. १०.९ ग्रॅमचं नाणं पाण्यात ९.८५ भरलं. घट १.०५. भागाकार केला तर साधारण १०.४ येतात. शुद्ध चांदीचं विशिष्ट गुरुत्व १०.५ च्या जवळ असतं. म्हणजे चांदी चांगली होती. माझ्या खोट्या नाण्याचा आकडा आला ८.७. ज्याला आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो, त्या धातूचा आकडा याच्याच आसपास असतो. तांबं, निकेल आणि जस्त यांचं ते मिश्रण. नावात सिल्व्हर आहे, अंगात चांदी रतीभरही नाही.

जुने सराफ नाणं फरशीवर आपटून आवाज ऐकत. ‘खणखणीत नाणं’ हा शब्दप्रयोग त्यातूनच आलेला. पण पाच-सहाशे वर्षं जमिनीत राहिलेल्या चांदीला आतून चिरा गेलेल्या असू शकतात. असं खरं नाणंही बद्द वाजतं, आणि आपटल्यावर तुकडा उडतो तो वेगळाच. ती परीक्षा कृपा करून कुणी करू नये.

आमच्या नाण्याच्या एका बाजूला छिन्नीच्या टोकानं मारलेला छोटा टोचा होता. शेतकऱ्याला वाटलं, कुदळ लागली असावी. पण टोच्याच्या आतला भागही बाकीच्या नाण्याइतकाच काळवंडला होता, म्हणजे खूण जुनी. त्या काळच्या कुणा सराफानं आत तांबं आहे का, हे पाहण्यासाठी ती मारलेली असणार. तांब्याच्या चकतीवर चांदीचा पत्रा चढवून नाणी खपवणारे तेव्हाही होते. आपल्याकडे अशी खूण नसलेल्या अस्सल नाण्याला ‘बंदा रुपया’ म्हणतात. मला मात्र त्या टोच्यानं फार बरं वाटलं. माझ्या आधी सहाशे वर्षांपूर्वी कुणीतरी हाच प्रश्न विचारला होता, आणि त्याला मिळालेलं उत्तर त्या जखमेच्या तळाशी चांदीच्या रूपात शाबूत होतं.

राहिलं वाचन. मला तेव्हा अरबी-फारसी अक्षरं जेमतेम लागत. गावात निजामाच्या अमदानीत उर्दूतून शिकलेले एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी नाणं दिव्यापाशी धरलं, तिरपं केलं आणि अडखळत वाचायला सुरुवात केली. ‘ताज-उद-दुनिया’... मग ‘फिरोजशाह’. कडेचा मजकूर तुटक होता, पण ‘अहसनाबाद’ एवढं स्पष्ट लागलं. अहसनाबाद म्हणजे गुलबर्गा, आजचं कलबुर्गी. आणि शेवटी आकडे. अरबी आठ हा छपरासारखा असतो, शून्य म्हणजे टिंब, आणि सात म्हणजे उलटं केलेलं छप्पर. ८०७. हिजरी वर्ष आपल्या वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून थोडा हिशेब करावा लागतो. हिजरी ८०७ सुरू झालं जुलै १४०४ मध्ये.

म्हणजे नाणं बहमनी घराण्यातल्या ताजुद्दीन फिरोजशाहाचं. त्याची कारकीर्द १३९७ ते १४२२. राजा, गाव आणि वर्ष तिन्ही एकमेकांशी जुळत होती. खोटी नाणी पाडणारे इथेच पुष्कळदा फसतात. एका बाजूला एक सुलतान, दुसऱ्या बाजूला त्याच्या पणतवाचं वर्ष, असे प्रकार मी नंतर कितीतरी पाहिले.

दोन दिवसांनी शेतकरी आले. माझा चेहरा फुललेला होता. मी त्यांना सगळं ऐकवलं. नाणं खरं आहे, निजामाचं नाही, त्याच्याही कितीतरी आधीचं, १४०४-०५ सालचं बहमनी टंका आहे. ते मन लावून ऐकत होते. मग म्हणाले, ‘‘अन् काय येईल?’’

इथेही मी अचूक उत्तर दिलं. जुनं म्हणजे महाग, हा एक मोठा गैरसमज आहे. नाण्याची बाजारातली किंमत तीन गोष्टींवर ठरते. तशी नाणी किती शिल्लक आहेत, समोरचं नाणं कोणत्या अवस्थेत आहे, आणि ते हवं असणारे लोक किती आहेत. आपल्याकडे गधैया नावाची चांदीची नाणी सापडतात. इराणच्या सासानी राजांच्या नाण्यांची नक्कल होत होत त्यांवरचा राजाचा चेहरा आणि अग्निवेदी पार रेघा-टिंबांवर आली आहे. ती हजार वर्षांची असतात, पण सापडतात इतकी, की जुनी असूनही स्वस्त. फिरोजशाहानं पंचवीस वर्षं राज्य केलं, त्याचे टंके काही दुर्मीळ नाहीत. शिवाय त्या काळी आमच्यासारख्या आडगावी अशी नाणी विकत घेणारा शोधून सापडला नसता. मी म्हणालो, ‘‘चांदीच्या भावापेक्षा फार काही जास्त यायचं नाही.’’

‘‘बरं झालं सांगितलं गुर्जी,’’ असं म्हणून त्यांनी नाणं पुन्हा कनवटीला लावलं. मी ते द्यायच्या आधी त्यावर कागद ठेवून पेन्सिलीनं दोन्ही बाजू उतरवून घेतल्या होत्या. अभ्यासकाचं कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानात मी त्या रात्री झोपलो.

पुढे महिन्या-दीड महिन्यानं सातवीच्या वर्गावर बहमनी राज्याचा धडा आला. मी मोठ्या हौसेनं तो पेन्सिलीचा कागद मुलांना दाखवला. त्या शेतकऱ्याचा मुलगा मागच्या बाकावरून उठून उभा राहिला आणि निरागसपणे म्हणाला, ‘‘सर, आमच्याकडं असले लई होते. मडकं भरून. आप्पांनी मोडले.’’

मला पुढे शिकवता आलं नाही.

रविवारी सायकल काढून त्यांच्या शेतावर गेलो. विहीर खोल करताना कडेला, पुरुषभर खोलीवर मडकं लागलं होतं. नाणी किती होती, ते कुणी मोजलं नव्हतं. पण सराफानं पावणेदोन किलो वजन केल्याचं त्यांच्या लक्षात होतं. टंका अकरा ग्रॅमचा धरला तर साधारण एकशे साठ नाणी होतात. सराफाच्या भट्टीत त्यांची लगड झाली होती आणि तिचे पैंजण, जोडवी होऊन बहुधा आठवडी बाजारात गेलीही होती. त्या पैशांत विहिरीवर विजेची मोटर बसली होती. मी गेलो तेव्हा ती चालू होती, पाटाला पाणी होतं आणि घरची माणसं गव्हाला पाणी देत होती.

‘‘तुमीच म्हनला न्हवं का गुर्जी, चांदीच्या भावापेक्षा जास्त येत न्हाई म्हनून?’’ ते म्हणाले. त्यात उपरोध नव्हता. त्यांनी माझा सल्ला ऐकला होता, एवढंच. मग आत जाऊन त्यांनी ते दाखवायला आणलेलं नाणं बाहेर काढलं. ‘‘तुमाला आवडलं हुतं, म्हनून हे एक ऱ्हाऊ दिलं.’’

मडक्याच्या खापऱ्या बांधावर पडल्या होत्या. त्यांतल्या दोन मी उचलून घेतल्या. त्यांना काय बोलणार? चूक त्यांची नव्हती. मी वजन केलं, पाण्यात बुडवलं, मजकूर लावला, बाजारभावही सांगितला. ‘हे कुठे सापडलं, आणि याच्या सोबत आणखी काय होतं,’ एवढं मात्र विचारलं नाही.

या न विचारलेल्या प्रश्नानं काय गेलं, ते आता सांगतो.

एकटं नाणं आपलं वर्ष सांगतं, पण ते जमिनीत कधी गेलं, हे सांगू शकत नाही. १४०४ चं नाणं १४०५ मध्ये पुरलेलं असेल, नाहीतर १४५० मध्येही. पण मडक्यात दीडशे नाणी असली, की त्यांतलं सगळ्यांत अलीकडचं नाणं पाहायचं. मडकं त्याच्या आधी पुरलेलं असूच शकत नाही. आणि अलीकडची नाणी संख्येनं जास्त, कमी झिजलेली असतील, तर मडकं त्यानंतर लवकरच पुरलं असावं, असं बऱ्याच खात्रीनं म्हणता येतं.

आता साल पुन्हा आठवा. १४०४-०५. महाराष्ट्राच्या स्मृतीत एक भयंकर दुष्काळ आहे, दुर्गादेवीचा दुष्काळ. तो १३९६ च्या सुमारास सुरू झाला आणि बारा वर्षं चालला, असं परंपरा सांगते. ग्रँट डफनं १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यातही त्याची नोंद आहे. गावंच्या गावं ओस पडली, माणसं देशोधडीला लागली, असं वर्णन पुढच्या काळात लिहिलेलं मिळतं. पण त्या दुष्काळाचा त्या वेळचा, प्रत्यक्ष जमिनीतला पुरावा फार थोडा. आणि इथे, आमच्याच तालुक्यात, नेमक्या त्या वर्षांतली नाणी असलेलं एक मडकं निघालं होतं.

त्यातलं शेवटचं नाणं हिजरी ८०८ चं, ८१० चं असतं, तर कदाचित एखादं घर त्या दुष्काळात गाव सोडून गेलं, जाताना पुंजी पुरून गेलं आणि परत आलंच नाही, असं म्हणण्याला आधार मिळाला असता. उलट त्यात पुढच्या अहमदशाहाची नाणी असती, बीदरच्या म्हणजे मुहम्मदाबादच्या टांकसाळीची असती, तर दुष्काळाशी त्याचा संबंध नव्हता, हेही स्पष्ट झालं असतं. कोणत्या टांकसाळीची किती, कोणत्या राजाची किती, दिल्लीची जुनी नाणी सोबत होती का, यावरून आमच्या भागातला पैसा कुठून येत होता ते कळलं असतं. आपल्याकडे चांदी फारशी निघत नसे. ती व्यापारातून, बरीचशी समुद्रमार्गानं येई. चौल-दाभोळच्या बंदरांतून कापड बाहेर जाई, घोडे आत येत. १४७० च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा विकायला म्हणून चौलला उतरला आणि जुन्नरवरून बीदरला गेला, तो याच व्यापाराच्या वाटेनं. बंदरातून आलेली चांदी घाट चढून, टांकसाळीत जाऊन आमच्या गावच्या एका घरात कशी पोचली, ही साखळी जुळवण्याची एक कडी त्या मडक्यात होती. ती वितळली. माझ्यापुढे होतं एक खरं, खणखणीत, पूर्ण वाचलेलं नाणं, आणि ते जवळजवळ मुकं होतं.

नाणी वितळवणं ही काही आजची गोष्ट नाही, हे मला नंतर वाचताना कळलं. सतराव्या शतकाच्या आरंभी विजापुरात बसून लिहिणारा फिरिश्ता एक प्रसंग सांगतो. दुसरा बहमनी सुलतान पहिला मुहम्मदशाह याच्या काळात सोनार आणि सराफ सुलतानाची नाणी हाती पडतील तशी वितळवत आणि विजयनगर-तेलंगणाकडची नाणी चालवत. सुलतानानं आधी ताकीद दिली, मग देहान्ताच्या शिक्षा दिल्या, आणि उत्तरेकडून आलेल्या खत्रींकडे हा व्यवसाय सोपवला, असं तो म्हणतो. फिरिश्ता दोनशे वर्षांहून अधिक काळानंतर आणि दरबाराच्या आश्रयानं लिहितो आहे, त्यामुळे त्याचा तपशील तोलूनच घ्यायला हवा. पण एक गोष्ट त्यातून दिसते. नाणं म्हणजे चांदी की राजाचं नाव, हा झगडा त्या काळीही चालू होता.

त्याआधी, १३३० च्या सुमारास, मुहम्मद तुघलकानं पितळ-तांब्याची नाणी चांदीच्या टंक्याच्या मोलानं चालवायचा प्रयोग केला. अशी नाणी दौलताबादेतही पाडली गेली. बरनी हा इतिहासकार सांगतो, की लोकांची घरंच टांकसाळी बनली. शेवटी सुलतानाला ती नाणी परत घेऊन बदल्यात चांगलं नाणं द्यावं लागलं. आज संग्रहालयात ती पाहताना गंमत वाटते. त्यांत सरकारी कुठली आणि घरगुती कुठली, हा अभ्यासाचा विषय झाला आहे. त्या काळची खोटी नाणीसुद्धा आज इतिहासाचा पुरावा ठरतात. आजची खोटी नाणी मात्र फक्त फसवणुकीचा.

आणि फसवणूक आता पुष्कळ सुधारली आहे. ओतीव नाण्यांचे दिवस मागे पडले. खऱ्या चांदीत, नवे ठसे करून, दाबयंत्रावर पाडलेली नाणी बाजारात येतात. वजन बरोबर, चांदी बरोबर, पाण्याची परीक्षाही उत्तीर्ण. अशा वेळी दोन नाणी शेजारी ठेवून पाहावीत. हातानं ठोकलेली दोन नाणी एकाच ठशाची असली, तरी चकतीवर ठसा बसण्याची जागा प्रत्येक वेळी थोडी बदलते. दोन नाणी अक्षर तुटण्यापासून काठाच्या चिरेपर्यंत तंतोतंत सारखी असली, तर समजावं की दाल में कुछ काला है. याशिवाय राम, हनुमान यांच्या प्रतिमा असलेली, ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल घातलेली पितळी ‘नाणी’ असतात. कंपनीनं अशी नाणी पाडलेली नाहीत. ती तांदूळ ओढून घेतात आणि लाखोंना जातात, अशा थापांवर विश्वास ठेवून अनेकांनी जमिनी गमावल्या आहेत.

आता कायद्याबद्दल थोडं. १९८६ मध्ये मला तो माहीत नव्हता, हे कबूल करतो. इतिहासाच्या शिक्षकाला माहीत असायला हवा होता. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ चा आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून अधिक किमतीचं काहीही सापडलं, तर काय सापडलं, कुठे आणि कधी, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास शिक्षेची तरतूद आहे. एवढं ऐकूनच लोक घाबरतात आणि गपचूप भट्टीची वाट धरतात. पण त्याच कायद्याचा दुसरा भाग कुणी सांगत नाही. चौकशीनंतर ठेव बेवारस ठरली, आणि सरकारला ती आपल्याकडे ठेवायची असेल, तर हक्कदाराला त्या धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश द्यावा लागतो. आमच्या शेतकऱ्याचं शेतही स्वतःचं होतं आणि सापडलंही त्यांनाच होतं. सरकारला ती नाणी हवी असती, तर त्यांना चांदीच्या किमतीवर आणखी पाचवा हिस्सा मिळण्याचा रस्ता होता. मोटर बसली असती, आणि एकशे साठ नाणीही राहिली असती. हे वाचलं त्या दिवशी मला पुन्हा एकदा झोप लागली नाही.

मी त्यांना हे सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘‘चला, जे ऱ्हायलंय ते तरी देऊन टाकू.’’ आम्ही दोघं तालुक्याला गेलो, अर्ज दिला, नाणं जमा केलं, पावती घेतली. त्यांना जबाबासाठी दोन खेपा घालाव्या लागल्या, त्यापलीकडे काही झालं नाही. माझ्याकडे आता फक्त तो पेन्सिलीचा कागद आहे आणि दोन खापऱ्या.

तेव्हापासून घरी कुणी नाणं घेऊन आलं, की मी ते हातात घेत नाही. आधी पाणी देतो आणि विचारतो, ‘कुठे मिळालं? किती होती? कशात होती? जागा अजून तशीच आहे का?’ काही जण वैतागतात. त्यांना वाटतं, सर म्हातारे झाले, नाणं बघायचं सोडून गप्पाच मारतात. पण एकदा उत्तरं वहीत उतरली, की मगच भिंग काढतो.

ऐकणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे. जमिनीत नाणं सापडलं, तर ते चिंच, लिंबू, राख किंवा टूथपेस्टनं घासू नका. त्यावरचा काळा थर त्याची ओळखही असतो आणि त्याचं संरक्षणही. घासून चकचकीत केलेल्या नाण्याचा भाव बाजारातही उतरतो. नाणी एकाहून अधिक असतील, तर एकही वेगळं काढू नका, वाटून घेऊ नका. मडकं, डबा, कापडाचा तुकडा, जे असेल ते टाकू नका. जागेची खूण करून ठेवा आणि तलाठ्यामार्फत किंवा थेट जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. घरातल्या देव्हाऱ्यातलं नाणं असेल, तर ते कुणाकडून आलं, हे आजीला विचारून आजच लिहून ठेवा. आजी गेल्यावर ते नाणं कितीही पारखलं तरी तेवढं सांगणार नाही.

नाणं खरं आहे का, हे काटा सांगेल. काय येईल, ते बाजार सांगेल. ते कुणाचं होतं आणि इथे कसं आलं, याचं उत्तर मात्र ज्या जागेत ते सापडलं तिथेच असतं, आणि कुदळीच्या चार घावांत ते नाहीसं होतं. तो शेतकरी आज हयात नाही. त्यांचा मुलगा मात्र शिकून शिक्षक झाला. काही वर्षांपूर्वी तो भेटायला आला तेव्हा म्हणाला, ‘‘सर, मी वर्गात बहमनी राज्य शिकवताना आमच्या मडक्याची गोष्ट सांगतो.’’ मी त्याला पेन्सिलीच्या त्या कागदाची एक झेरॉक्स काढून दिली.